पाण्याला विचारून

घर,
शनिवार, १६ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, तूही बरी असशील असं धरून चालते. अक्षराकडे लक्ष देऊ नकोस, पेन बिघडलं आहे.

तुझ्या कंपनीचं पत्र पोचलं. जाड कागद, गुळगुळीत भाषा. वर 'आदरणीय मॅडम' आणि खाली 'मार्ग-रचनाकार' म्हणून पोटच्या पोरीची सही! वाचून मी कपात ओतायचा चहा बशीतच ओतला. बाबांनी डोंगरावर खोदलेली सायकलची वाट तुमच्या बाइक पार्कात सामील करणार, यंत्राने रुंद करणार, तिला 'वारसा मार्ग' म्हणणार आणि सुरुवातीला त्यांचा फोटो लावणार. त्यासाठी बाबांच्या सायकल क्लबची संमती हवी. क्लब म्हणजे आता कोण, ते तुला ठाऊक आहे. खजिनदार लेकाकडे राहायला गेले. सेक्रेटरींचे गुडघे गेले, ते आता फाटकापर्यंतच येतात. उरलेले वरती बाबांच्या सोबतीला गेले. अध्यक्ष, सभासद, चहा करणारी, सगळं मीच. कोरम पुरा आहे, पण एकमत होत नाही.

फोटोचं आधीच सांगते, लावू नका. एका फोटोत त्या माणसाचे डोळे उघडे असतील तर शपथ.

तुमचा पार्क मला गॅलरीतून दिसतो. सकाळपासून तारेवरचे पाळणे माणसं आणि सायकली वर नेतात. माणसं खाली येतात, पुन्हा तिकीट दाखवतात, पुन्हा वर. धोब्याच्या यंत्रात कपडे फिरावेत तशी दिवसभर फिरतात. डोक्याला कॅमेरा, छातीला चिलखत, सायकलीची किंमत विचारली तर आपल्याला घेरी यावी. आणि ज्यांना पाळणाही नको, त्यांच्याकडे बॅटरीच्या सायकली. पायडल नावाला मारायचं, चढतं ते यंत्र. गावातल्या निवृत्त लोकांनी तर घोळकाच केला आहे. मी त्यांना बॅटरी मंडळ म्हणते. पुढे एक सुटलेल्या पोटाचा कॅशियर, मागे त्याची बायको, मागे आणखी तसलेच. फाटकासमोरून जाताना हात हलवतात. मी झाडांची पानं पुसायला लागते.

बाबा म्हणायचे, उतार म्हणजे चढाचा पगार, उचल मागायची नाही. तुझ्या खेळात आता सगळी उचलच आहे. पुढे काय, तेवढं सांग. सायकल आपली आपण डोंगरावर जाऊन येईल आणि माणूस घरी बसून तिचा कॅमेरा बघेल, तेवढंच राहिलं आहे. तुमच्याकडे त्याचाही आराखडा तयार असेल.

मी खेळाची शत्रू नाही, हे तू तरी जाणतेस. हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात माझं आयुष्य गेलं, आणि त्यातली निम्मी हाडं याच डोंगराने पाठवलेली होती. तुझा बापही मला मोडलेल्या कॉलरबोनसकटच भेटला. प्लेट लावताना मी म्हटलं, "श्वास रोखा." तर म्हणतात, "तो तुम्ही दार उघडलंत तेव्हाच रोखलाय." एवढा चावट माणूस नंतर डोंगरावर तासन्‌तास तोंड न उघडता माती कशी खोदत बसायचा, हे कोडं मला अखेरपर्यंत सुटलं नाही.

ते गेले त्याच आठवड्यात तू स्वयंपाकघरात म्हणालीस, "आई, ती वाटही संपलीच आहे आता. कोण येतं तिच्यावर?" तेव्हापासून आपण दोघी फोनवर हवामान बोलतो. तुझ्याकडे गार, माझ्याकडे उकाडा. तुझ्याकडे उकाडा, माझ्याकडे गार. वेधशाळेनेही इतकं बोलू नये.

थांबले होते. जेवून पुन्हा बसले आहे.

पेन ठणठणीत आहे. मी डाव्या हाताने लिहिते आहे.

घाबरू नकोस. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर आहे, बोटं हलतात. एक्स-रे काढणाऱ्या पोरीने हात इतका वाकडा ठेवला की मी तीनदा सांगून सरळ करवून घेतला. शेवटी ती म्हणाली, "आजी, तुम्हीच काढता का?" म्हटलं, "काढला असता, पण एक हात कामात आहे."

तुला मी कधी सांगितलं नसेल, मी जन्माची डावरी. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी माझा डावा हात रिबिनीने बाकाला बांधून उजवा शिकवला. छान वळणदार अक्षर झालं, बक्षिसं मिळाली. डाव्या हाताने पुढे भाजी चिरली, सायकलचा ब्रेक दाबला, पेन धरलं नाही. आता धरलं तर अक्षर सहा वर्षांच्या मुलीचं येतं आहे. हात तिथेच थांबून राहिला होता बिचारा, कुणी बोलावेल म्हणून.

आता मोडलं कसं ते. बाबांची झारी आठवते ना, पत्र्याची, तोटीला डाग दिलेली? तूच धरायचीस ती. वळण खोदण्याआधी ते जागेवर पाणी ओतायचे आणि उकिडवे बसून बघायचे. "पाण्याला विचारून खोदायचं. त्याला जायला जागा दिली नाही, तर ते आपली वाट घेऊन जातं." तुझे मोजे चिखलाने भरायचे आणि मी दोघांवर ओरडायचे.

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी झारी भरली, जुन्या सायकलच्या हँडलला अडकवली आणि पार्काच्या मागच्या अंगाने वर गेले. सायकल ढकलतच नेली, चढवत नाही आता. पार्क त्या दिवशी बंद होता. तुझ्या वळणांवर पाणी ओतून बघायचं होतं. कशाला विचारू नकोस. चूक सापडावी म्हणूनच. तुझा तो संगणक, ती लेझरची मोजणी, तुमची ती यंत्रं, यांनी कुठेतरी पाण्याला अडवलं असणार आणि मी ते कंपनीला चांगल्या कागदावर लिहून कळवणार, असा बेत होता.

पहिल्या मोठ्या वळणावर ओतलं. पाणी क्षणभर थबकलं. मग बाहेरच्या अंगाला वळलं आणि गवतात निघून गेलं, शहाण्या मुलासारखं. दुसऱ्यावरही तसंच. बाबांनी जिथून काढलं असतं, तिथूनच. मला इतका राग आला म्हणून सांगू! त्या वळणावर बसून रडले मी. वाऱ्याने डोळ्यांत माती गेली होती, असं समज.

येताना म्हटलं, आपल्या वाटेने उतरू. वाट शोधावी लागली. गवत कमरेपर्यंत आलं आहे. मी कोयता घेऊन जाते मधूनमधून, पण एका माणसाच्या कापण्याने काय होतं? वाट खोदल्याने राहत नाही, वापरल्याने राहते. चाकं फिरली नाहीत, तर वरची माती येऊन बसते. बाबांच्या लाडक्या वळणावर ती बसली आहे. पाण्याला जायला जागाच नाही, खाली शेवाळ. आणि मी शहाणी, रिकामी झारी हँडलला लटकवून सायकलवर बसले. झारी चाकात गेली, मी शेवाळात.

पडल्या पडल्या हाडाचं निदान केलं. मग हाका मारल्या. पहिली बाबांना, सवयीने. दुसरी तुला. कुणी आलं नाही, त्यात तुम्हा दोघांचाही दोष नाही. ऊन झाडावरून पार पलीकडे उतरलं. तुझं वाक्य तिथे पडून मी सारखं ऐकत होते. कोण येतं तिच्यावर? कोणीही येत नाही, भिंगरी. माझ्या तोंडून कबुली हवी होती ना, घे.

आणि मग घूंऽऽ असा आवाज. मधमाश्यांचं पोळं उठावं तसा. बॅटरी मंडळ! रस्ता चुकून आलं होतं.

कॅशियर सायकल टाकून धावला. "ताई, अहो इथे काय करताय?"

मी आडवी, शेजारी झारी. म्हटलं, "झाडांना पाणी घालतेय."

"कुठल्या झाडांना?"

"तुम्हाला काय करायचंय? कोपर धरा, मनगटाला हात लावू नका."

त्याच्या बायकोने ओढणी सोडून हात गळ्यात बांधून दिला, आणि चांगला बांधला. उतरताना तिघं पुढे, तिघं मागे, मिरवणूक नुसती. मी दात आवळून म्हटलं, "बॅटरीवाल्यांना चढ काय कळणार?" तर तो कॅशियर काय म्हणाला माहीत आहे? "चढ नोकरीत झाला, ताई. ही पेन्शन. तुम्ही घेत नाही का?"

पेन्शन शिकवतो. मला! दर महिन्याला घेतेच की.

त्याची बायको आता रोज येते. माझे केस विंचरते, झाकणं उघडून ठेवते, न विचारता बोलत राहते. ती पन्नाशी उलटेपर्यंत कुठल्याच डोंगरावर गेली नव्हती. "नवऱ्याच्या मागे राहायची लाज वाटायची," म्हणाली, "आता तोच मागे असतो." मी हसले. हसल्यावर स्वयंपाकघर केवढं मोठं वाटलं. प्लास्टर निघालं की तिची सायकल गल्लीत चालवून बघा म्हणते. मी अजून नाही म्हटलेलं नाही. मी बॅटरी मंडळात आले अशी बातमी कॅशियरने बाहेर पसरवली आहे, त्या बातमीवर विश्वास ठेवू नकोस.

तेव्हा संमतीचं. सही करायचा हात प्लास्टरमध्ये आहे आणि डाव्या हाताची सही तुमची कंपनी मानणार नाही. म्हणून कागद पोस्टाने परत पाठवत नाही. मार्ग-रचनाकाराने स्वतः यावं. आधी वाट बघ, मागून यंत्र आण. रुंद कर, बॅटरीवाले येऊ देत, सगळे येऊ देत. पण त्या वळणावर पहिलं पाणी तू ओतायचंस, आणि उकिडवं बसून बघायचंस. मी शेजारी उभी राहीन आणि ओरडणार नाही. मग तुझ्यासमोर सही करीन, ती सिस्टरनाही आवडणार नाही अशी.

प्लास्टर निघेपर्यंत थांबू नकोस. झारीचा पोचा ठोकून घेतला आहे. भरली की मला एका हाताने उचलत नाही.

डाव्या हाताने,
तुझी
आई