दोन्ही आकडे

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही ‘बरी हाय ना?’ एवढंच विचारता आणि फोन आईकडे देता, म्हणून हिमाचलातून हा कागद. बरी आहे. नाकाचं सालटं गेलंय, बाकी धडधाकट.

तुम्ही मनोरच्या बाजारातून निवडून दिलेल्या बांबूच्या काठ्या गेल्या वर्षी हिमनदीत भोकं पाडून रोवल्या होत्या. बर्फ वितळतो तशी काठी उघडी पडते, ती टेपने मोजायची. काठ्या म्हणतात, वर्षात नव्वद सेंटिमीटर पाण्याइतका बर्फ गेला. उपग्रह वरून उंची मोजतो, तो म्हणतो पंचावन्न. काठ्या आमचे पाय पोचतात तिथल्याच. उपग्रहाला सगळी हिमनदी दिसते, पण बर्फाचं वजन अंदाजाने धरावं लागतं. दोघेही अर्धवट, म्हणून तर दोघेही हवेत.

आमच्या सरांना एकच आकडा हवाय. सगळ्यात जास्त उघड्या पडलेल्या खालच्या सहा काठ्या बिघडल्या म्हणून वगळल्या की सगळं जुळतं म्हणे. एकही बिघडलेली नाही, मी स्वतः मोजल्यात. खालच्या गावाची पाणीयोजना या अहवालावर ठरणार आहे. माझ्याबरोबर मोजणाऱ्या हितेशने मुकाट सही केली, मी नाही केली. मला तुकडीतून काढलं. काढू देत. दोन्ही आकडे मी माझ्या सहीनिशी योजनेच्या कचेरीत देऊन आले, पोचपावतीही घेतली.

तुम्हीही कारखान्यात टाकीत डिपरॉड सोडून पातळी बघायचात, आणि पॅनेलवर वेगळी दिसली तर वहीत दोन्ही लिहायचात. साहेब म्हणाले, एकच लिहा. तुम्ही म्हणालात, ‘दोनी ऱ्हातील, खोडनार नाय.’ तुम्हाला वॉचमन करून गेटवर बसवलं. मी सतरा वर्षांची होते. एक आकडा खोडला असता तर काय बिघडलं असतं, म्हणून तुमच्यावर ओरडले होते. पुढे दोन वर्षं क्लासला जाताना त्या गेटसमोरून सायकल काढायची, ती तोंड फिरवून. तुम्ही वर केलेला हात मला दिसायचा, बाबा. रोज दिसायचा.

हे फोनवर बोलता आलं नसतं, आणि मी पोचण्याआधी तुम्हाला कळायला हवं होतं. पुढच्या शुक्रवारी सकाळी बोईसरला उतरते. तुमची पहिली पाळी आहे, आईकडून कळलं. घरी नंतर जाईन. आधी बॅग घेऊन गेटवर येईन आणि पाळी सुटेपर्यंत तुमच्या स्टुलाशेजारी उभी राहीन. तुमचे साहेब गाडीतून आत जातील तेव्हा काच खाली करायला लावून सांगेन, मी यांची मुलगी.

तुमचीच,
तेजल