सहा बंद पेट्या आणि तुझा नकार

फोर्ट वेन, मंगळवार

प्रिय ड्वेन,

काल फोनवर तू "भंगार आहे रे ते, सोड" म्हणालास आणि मी रिसीव्हर आदळला. आर्लीन म्हणाली, "चाळीस वर्षांच्या मित्राशी असं वागतात का?" मी म्हटलं, "चाळीस वर्षांचा मित्र असं बोलतो का?" राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे पत्र. पत्रात तुला मधेच तोंड घालता येत नाही.

भंगार म्हणे! लिंडक्विस्टबाईंच्या तळघरात सहा जुने पोर्टेबल कॉम्प्युटर पडलेत, शिवणयंत्राच्या पेटीएवढे, इवल्याशा हिरव्या पडद्याचे. तिचा नवरा हेच हँडलला धरून शेताशेतांवर गारपिटीचे विमे विकत हिंडला. एकही चालू होत नाही, कबूल. पण बंद पडलेलं ते भंगार, हे तू कधीपासून म्हणायला लागलास? पुरात बुडालेला पोर्टेबल माझ्याच घरच्या ओव्हनमध्ये कोणी वाळवला होता? आठवडाभर त्याच ओव्हनमध्ये भाजलेल्या आर्लीनच्या ऱ्हुबार्ब पायला प्लास्टिकचा वास येत होता, तरी तू दोन तुकडे जास्तच खाल्लेस! "आधी वास घ्या, मगच प्लग लावा" हे आपल्या जुन्या कॉम्प्युटरांच्या क्लबातल्या प्रत्येक नवख्याच्या डोक्यात तूच भरवलंस. मी वास घेतला. चार पेट्यांना नुसता धुळीचा वास आहे, दोन पेट्यांना सडक्या मासळीचा. म्हणजे त्यांचे कपॅसिटर गळलेत. ते बदलता येतात, हेही तुझंच शिक्षण.

आणि आपण नाही घेतल्या तर काय होणार, ते ऐक. शनिवारी एक कीबोर्डवाला येऊन गेला. त्याला फक्त कळा हव्यात, त्याच्या नव्या कीबोर्डला मिरवायला. "बाकीचं तुम्हीच कचऱ्यात टाका, आजी," असं म्हणाला लेकाचा. कळा उपटल्या की त्या मशीनला कोण विचारतो? बाई बिचारी मला म्हणाली, "मर्ल, तुम्ही दुरुस्त करणार असाल तर फुकट न्या, नाहीतर पुढच्या रविवारी तो घेऊन जाईल." मी हो म्हटलं नाही. तुला विचारायचं होतं. आणि तू उत्तर काय दिलंस, तर 'भंगार'!

खरा राग वेगळाच आहे. क्लबच्या विक्रीच्या टेबलावर तुझं सोल्डरिंगचं सामान होतं. ज्याला तू मलासुद्धा हात लावू देत नव्हतास, ते! त्यावरची तुझी किमतीची चिठ्ठी आर्लीननं वाचून दाखवली आणि म्हणाली, "अक्षर केवढं वाकडं झालंय रे ड्वेनचं." तुझं अक्षर, जे छापल्यासारखं असायचं! क्लबात तू सांगितलंस, "कंटाळा आला." सगळ्यांनी विश्वास ठेवला. माझ्यापासून कशाला लपवायचं, गाढवा? हात थरथरतात तर थरथरतात. मी हसलो असतो का? चार महिने तू माझ्या टेबलाशी आला नाहीस आणि मी मूर्खासारखा विचार करत बसलो, माझं काय चुकलं.

एवढं तोंड सोडलंय, पण मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. हे आर्लीनचं अक्षर तू केव्हाच ओळखलं असशील. मार्चपासून माझ्या नजरेच्या मधोमध धुकं आहे, कडेकडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येणार नाही. मागच्या महिन्यात एका कॉम्प्युटरचा आतला बोर्ड स्वच्छ म्हणून घेऊन आलो. बॅटरी गळून तो निम्मा खाल्ला गेला होता. आर्लीनला तो हिरवा डाग दारातूनच दिसला, मला नाकासमोर धरूनही दिसला नाही. म्हणून त्या तळघरात मी एकही झाकण उघडलं नाही, आणि बाईंना हो म्हणायची हिंमत झाली नाही. हे क्लबात कोणाला सांगितलेलं नाही, तुलाही नाही. म्हणजे तुझ्याइतकाच मीही खोटा. पण माझे हात अजून स्थिर आहेत, ड्वेन. सोल्डरिंगचं तापलेलं टोक कुठे टेकवायचं ते तू बघून सांग, टेकवतो मी. येत्या शनिवारी दहा वाजता आर्लीन गाडी घेऊन तुझ्या दारात उभी राहील. मला हव्या तेवढ्या शिव्या देत ये, पण ये. तुझ्याशिवाय मी त्या पेट्या घेऊ शकत नाही.

चिडलेला, तरी तुझाच,
मर्ल