निंबूखालचा खड्डा

रोहणा, ५ जानेवारी

चि. सौ. अंकितास आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू लय बोलतेस अन् मले रडू येते, म्हणून लिहून राह्यली. तुह्या बाबानं सांगतलं, का सिझर झाल्यावर तू नाळ अन् वार दवाखान्यालेच देणार हायेस. काऊन वं? सही करायच्या आधी आईले इचारावं नाई वाटलं? तुही अन् तुह्या भावाची, पीयूषची नाळ आपल्या मळ्यात निंबूखाली पुरली. म्हणून तर वर्ध्याले नांदतेस तरी वांग्याच्या दिवसात तू धावत येतेस. या लेकराले आपलं गाव कसं गवसंल?

मी खड्डा खोदून ठेवला हाय. तो रिकामा राह्यला तर बाळंतपणाले मी येणार नाई. लाडू बाबाच्या हाती धाडीन. पायाले सूज असंल तर मीठ कमी खाजो.

रागावली तरी माया तेवढीच ठेवजो.
तुही आई, कुंता

वर्धा, ९ जानेवारी

ती. सौ. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग राग आला. लाडू येणार आणि आई नाही, हे कुठलं गं शहाणपण? पण मी माघार घेणार नाही.

बाळाच्या बेंबीशी नाळेचा जो तुकडा राहतो, तो कोणी घेत नाही. वाळून पडला की तो तुझाच. बाकीची नाळ अभ्यासाला नेतात. तिच्यातल्या चिकट गरातून जखमा भरायचं औषध होईल का, ते शोधताहेत; होईलच असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत. वारेचा पातळ पापुद्रा मात्र आजही कामी येतो. भाजलेल्या डोळ्यावर शिवतात.

मागच्या दिवाळीला चुना कालवताना तुझा उजवा डोळा भाजला, तेव्हा हेच शिवलं होतं. तू दुखण्यानं कण्हत होतीस, बाबांनीच हो म्हटलं. तू विटाळ मानशील म्हणून नंतरही बोलले नाहीत. कुठल्यातरी बाईच्या वारेचा पापुद्रा होता तो. तिच्याही घरी खड्डा खोदलेला असेल, आई.

शुक्रवारी सिझर आहे. तू नसलीस तर मला फार भीती वाटेल. तरी सही तशीच राहील.

बाबांना नमस्कार. माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.
तुझी अंकिता

रोहणा, १२ जानेवारी

चि. सौ. अंकितास आशीर्वाद.

तुहं पत्र मोठ्यानं वाचलं, तर तुहा बाबा गुपचूप मळ्यात पळाला! त्याच्याशी मंग भांडीन. आरशापुढं जाऊन मी उजवा डोळा लय वेळ पाह्यला. विटाळ कायचा? त्याच डोळ्यानं मी मेथीतलं गवत निवडतो.

मी गुरुवारच्या एसटीनं येऊन राह्यली. नाळ देजो, वार देजो. बेंबीचा तुकडा मी चिंधीत बांधून आणीन. तेवढ्याले खड्डा मोठा झाला तर होऊ दे.

थ्या माऊलीनं लेकराची वार मातीत नाई, माह्या डोळ्यात पुरली. मंग थे लेकरू बी रोहण्याचंच झालं ना वं? त्याचं नाव बी मले ठाऊक नाई. तुह्या लेकरासाठी एक झबलं शिवलं होतं, आता दोन शिवले. दवाखान्यात जे पयलं लेकरू दिसंल, त्याले दुसरं देईन.

भिऊ नको. वाट पाहजो.
आई