डोळ्यात उतरलेलं रक्त

आबा, तुमच्या छातीत कळ आली तेव्हा तुम्ही सोडा पिऊन उंब्रजच्या घराच्या पायरीवर थोरल्या काकांची वाट बघत बसला होता. आपल्याकडं बैल घ्यायचा असो की दवाखाना गाठायचा असो, थोरला आल्याशिवाय कुणी उठत नाही. काका उसाला पाणी पाजून आले, तोवर तुम्ही गेला होता. यंदा सांगलीत माझ्या छातीत तशीच कळ आली. शेजारणीला गाडी काढायला लावली आणि मिरज गाठली. डॉक्टर म्हणाले, "रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतो, पण कुठंही रक्तस्राव होऊ शकतो. घरातलं मोठं कोण आलंय?" म्हटलं, "मीच. द्या."

गुठळी विरघळली. दुसऱ्या दिवशी डावा डोळा लालभडक, आणि आतून काळा पडदा. त्या औषधानं डोळ्यातही रक्त उतरलं होतं. बहुतेक निवळेल, पण खात्री नाही, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मात्र थांबवायच्या नाहीत, असं हृदयाचे. विश्रांतीला उंब्रजला आले. रहिमतपूरच्या आत्याला वाटलं माझे डोळे आलेत. तिनं सगळी विचारपूस भिंतीकडं बघून केली.

काका समोर येऊन बसले. "आगं, डोळा चालला तुजा. बंद कर त्या गोळ्या. तुज्या बापानं कवा असली गोळी घेतली न्हाई."

"घेतली असती तर दरसाली तुमाला श्राद्धाचे वडे मिळाले नसते, काका."

मी त्यांच्या देखत गोळी गिळली. पडदा हळूहळू धुरकट झाला, मग विरला. परवा ओसरीवर उजवा डोळा तळहातानं झाकला आणि रस्त्यावरून चाललेल्या उसाच्या ट्रॉलीमागचं मोठ्यानं वाचलं, "वडिलांची कृपा."

"पाठ असंल तुला," काका म्हणाले.

"नवी ट्रॉली हाय, काका. रंग बी वाळला नसंल."

त्यांनी टोपी काढून परत घातली. एवढी शरणागती मला पुरली.

आता हे पत्र. पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही काकांपासून कधी काही लपवलं नाही. आणि त्यांना कळायला नको, की डोळा काळा होता त्या दिवसांत त्यांना यायला उशीर झाला की मी दाराकडं बघत बसायचे.