यालमारीची रात्रपाळी

ती. हेल्वीवन्संना,

हेलसिंकीहून सिल्वीचा वाकून नमस्कार. (उजवा गुडघा अजून पुरता वाकत नाही, तेव्हा राहिलेला नमस्कार मनाने वाकून केलाय असं धरून चालावं.) तुमची तब्येत कशी आहे? भावजींची पाठ काय म्हणते? तुमच्याकडे बर्फ खिडकीपर्यंत आला असेल. इकडे समुद्र गोठलाय, ट्रामा मात्र चालू आहेत, आणि तुमचा यालमारी चांगला धडधाकट आहे. हे शेवटचं वाक्य तुम्ही दोनदा वाचा आणि त्यावर बोट ठेवूनच पुढचं वाचा, म्हणजे मध्येच उठून पाणी प्यावं लागणार नाही.

वन्सं, मी इकडे गुडघा दाखवायला आले हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण गाडी हलताना खिडकीशी येऊन तुम्ही जे कानात सांगितलंत, ते फक्त तुम्हाला आणि मला. "डॉक्टर काय म्हणतो ते नंतर कळव. पोरगा रात्रीचा कुठे जातो ते आधी बघ. रंग बरा दिसला नाही तर कान धर आणि रविवारच्या गाडीने घेऊन ये." प्रार्थनाघरात कोणी विचारलं, तर "त्याची रात्रपाळी असते" म्हणून तुम्ही विषय दुधावर नेता. पण मनातून तुम्ही धसका घेतलाय हे मला दिसतं. तेव्हा मी डॉक्टरांना उरकून (ते म्हणाले, "चालत राहा, पाय बसवून ठेवू नका") सरळ कामाला लागले. पुढे मी जे जे चालले आणि जे जे पाय हलवले, ते सगळं डॉक्टरांच्या आज्ञेने, हे कृपया ध्यानात ठेवावं.

यालमारीची खोली स्वच्छ आहे. एवढी स्वच्छ की मला जास्तच संशय आला. दुपारी मी पोचले तेव्हा साहेब झोपलेले. उठला, तुम्ही दिलेले, मासे भरलेले राय धान्याचे पाव बघून डोळे चमकले, अर्धा पाव उभ्याउभ्याच संपवला. संध्याकाळी दाढी केली, केसांना तेल लावून भांग पाडला, काळा सूट चढवला आणि वर ओव्हरकोट घालून म्हणाला, "येतो मामी, कामावर जातो. तुम्ही झोपा." आता मला सांगा वन्सं, कारखान्यात रात्रपाळीला काळा सूट घालून कोण जातं? मी अंबाड्यात दोन काटे जास्त खोचले, उरलेला पाव पिशवीत घातला (माणूस सापडायला उशीर झाला तर पोटाला आधार हवा) आणि निघाले त्याच्या मागे.

पाठलाग करणं हे काम सोपं नाही, विशेषतः फूटपाथवर काचेसारखा बर्फ असताना. पहिल्या वळणापर्यंत त्याची टोपी दिसत होती, दुसऱ्या वळणावर ट्राम आडवी आली आणि ट्राम गेल्यावर टोपीही गेली. मी उभी राहिले ती अशा रस्त्यावर, जिथे प्रत्येक दुसरं दार मद्याचं आणि प्रत्येक दारात कपाटाएवढा एक माणूस उभा. आत कोणाला सोडायचं ते हा कपाट ठरवतो. बाहेर मंडळी रांग लावून उभी असतात, कोणी कोणाशी बोलत नाही. गावाकडे आपण आत बसून एकमेकांशी बोलत नाही, शहरात बाहेर उभं राहून बोलत नाहीत, एवढाच काय तो फरक. मी त्यातल्या एका कपाटाला गाठलं.

"काय आजी, आत जायचंय?"

म्हटलं, "मी कोणाची आजीबिजी नाही. भाचा शोधतेय. उंच आहे, केस पिवळे, फारसा बोलत नाही."

तो बिचारा रांगेकडे बघून म्हणाला, "बाई, अहो अख्खा देश असाच दिसतो. त्यातला कोणता तुमचा?"

खरं होतं त्याचं. रांगेतल्या निम्म्या लोकांनी, आपण तर नाही ना, अशा चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

तशीच पुढे निघाले. कोपऱ्यावरून वळले तर समोर वाफेचा ढग! भिंतीला टेकून लाकडी बाकावर पुरुषांची एक ओळ बसलेली. कमरेला पंचे, अंगातून वाफा निघताहेत, हातात थंड बाटल्या आणि पायांखाली बर्फ. आपली वाफेची सौना तळ्याकाठी. तिथून कोणी वाफाळत बाहेर आलं तर बघायला फार तर बदकं. इथे ही मंडळी भर रस्त्यात निवत बसलेली आणि समोरून ट्राम जातेय! ट्राममधले लोक वर्तमानपत्रातून डोकंही वर काढत नाहीत. मीही खाली मान घालून पुढे सटकत होते, तेवढ्यात त्या ओळीतून आवाज आला.

"मामी, मागे मागे कशाला येताय? घसराल. इथे बसा."

वन्सं, तो तुमचा यालमारी होता. तुम्ही ज्याला बाळसं धरत नाही म्हणून साय खाऊ घातलीत, तोच, पंचा गुंडाळून शहराच्या मधोमध. तुमची आज्ञा स्मरून मी तिथल्या तिथे त्याचा कान धरला. पण सौनातून निघालेल्या माणसाचा कान चुलीवरच्या किटलीसारखा तापलेला असतो. माझा हात आपोआप सुटला. बाकावरच्यांनी सरकून मला जागा केली आणि मी बसले. ओव्हरकोट, लोकरी टोपी, मांडीवर पिशवी, दोन्ही बाजूंना उघडे पुरुष. शेजारचे पांढऱ्या मिश्यांचे गृहस्थ बराच वेळ नाक वर करून हुंगत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"माफ करा हं, पण तुमच्या पिशवीतून माशांचा वास येतोय. रायच्या पावातल्या."

हे ओन्नी. विधुर आहेत, यालमारीच्याच बँडमध्ये अकॉर्डियन वाजवतात. (दुसरी माहिती मी काढली नाही. त्यांची मुलगी तांपेरेला असते, त्यांना साखर नाही आणि दात स्वतःचे आहेत, हे त्यांनी आपणहून सांगितलं.) मग काय, पाव काढावाच लागला. अख्ख्या ओळीने तुकडे मोडून घेतले. मग टोकाचा एक जाडा गृहस्थ घास गिळून म्हणाला, "ह्या बाईंना इकडे आणता येणार नाही का?" म्हणजे तुम्हाला. तुमच्या पावाची अशी तारीफ गावात कोणी केली असेल असं मला वाटत नाही. गावात तारीफ करायची पद्धतच नाही.

सगळे खाण्यात गुंतलेले बघून मी यालमारीला हळूच विचारलं, "कसली रे ही तुझी रात्रपाळी?"

"गातो मी, मामी. पलीकडच्या नाचघरात. टँगो. गाण्याआधी इथे शेकून घेतलं की घसा सुटतो."

"आणि आईला रात्रपाळी म्हणून सांगतोस? खोटारड्या!"

"खोटं कुठे? रात्रीच असते की."

(हा पुढचा परिच्छेद भावजींना मोठ्याने वाचून दाखवू नये. त्यांना सांगावं की इथे शाई सांडली आहे.) आपलं प्रार्थनाघर ज्याला पाप म्हणतं, त्या नाचघरात मी गेले. जागा वाईट असल्याची खात्री करून घ्यायची तर आत जायलाच हवं होतं. दारात एक बाई कोट काढून घेते आणि बिल्ला देते. मी कोट द्यायला तयार नव्हते, पण ती म्हणाली, "ताई, कोट घालून इथे फक्त आग विझवणारे येतात." आत एका भिंतीला बायका, समोरच्या भिंतीला पुरुष. पुरुषाने यायचं, मान लववायची, दोन गाणी नाचायचं आणि बाईला जिथून उचललं तिथे परत आणून ठेवायचं. मध्ये एक अक्षर बोलायचं नाही. चेहरे असे की वाटावं कोणाच्या तरी मातीला आलेत. सुखात आहेत हे नुसत्या पायांवरून ओळखायचं. एवढी शिस्त मी आपल्या प्रार्थनाघरातही पाहिली नाही. तिथे निदान मागच्या बाकावर कुजबुज तरी चालते. माझ्यासमोर एक आंबटसर, फेसाळतं पेय आलं. ते कोणी मागवलं हे मला आठवत नाही. मीच मागवलं असं ओन्नींचं म्हणणं आहे.

मग यालमारी गायला उभा राहिला. वन्सं, थट्टा बाजूला ठेवून सांगते. स्तोत्रं म्हणताना ह्या मुलाचा आवाज कधी माझ्या कानावर पडला नव्हता. तो नुसते ओठ हलवतो असंच मला वाटायचं. इथे त्याने तोंड उघडलं आणि भिंतीशी बसलेल्या बायकांनी हातातले पेले खाली ठेवले. हातवारे नाहीत, डोळे मिचकावणं नाही. शेतातल्या खांबासारखा उभा राहून गात होता. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईने हातरुमाल काढला, स्वतःचे डोळे टिपले आणि न विचारता मला दिला. तुमचे बंधू गेले तेव्हा मी चारचौघांत रडले नाही हे तुम्हाला माहीत आहे. तिथे रडले. कशाला ते विचारू नका, मलाही सांगता येणार नाही.

मग वर पाटी उजळली: आता बायकांनी बोलवायचं. शेजारची बाई केव्हाच उठून गेली. मी गुडघ्याकडे पाहिलं. डॉक्टरांचे शब्द आठवले. समोरच्या भिंतीशी डोक्याने आणि उंचीने सगळे सारखेच पुरुष, त्यातला कोणता निवडणार? म्हणून मी सरळ मंचापाशी गेले आणि ओन्नींसमोर मान लववली. ते वाजवत होते. वाजवता वाजवता थांबले. अकॉर्डियनने एक लांब सुस्कारा टाकला आणि पुढचं गाणं बँडला त्याच्याशिवायच काढावं लागलं. तुमचा मुलगा गाताना एकदाच हसला, तो तेव्हा. गुडघा? वन्सं, गुडघ्याची आठवण मला दुसऱ्या दिवशी दुपारी झाली.

घरी परतताना मात्र मी कर्तव्याला चुकले नाही. म्हटलं, "हे सगळं ठीक आहे. पण रविवारी माझ्याबरोबर गाडीत बसायचं. तुझ्या आईच्या जिवाला घोर लागलाय."

त्याने माझी पिशवी स्वतःच्या हातात घेतली. मग म्हणाला, "मामी, मी हे कुठे शिकलो असेन?"

"इथेच. आणखी कुठे?"

"गोठ्यात. आई धार काढताना गुणगुणायची. सगळ्यांना वाटायचं, स्तोत्र चाललंय. पण स्तोत्राला कोणी टाचेने ताल धरतं का? मी गवताच्या गंजीवर पडून ऐकायचो. मला पहिले सगळे टँगो येतात ते आईमुळे. पण तिला तोंडावर हे सांगितलं, तर ती पुन्हा कधी गुणगुणणार नाही. समोर आली की बोलून जाईन, म्हणून येत नाही मी घरी."

मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. तेव्हा तो तिथेच दिव्याखाली थांबला आणि हलक्या आवाजात एक चाल म्हटली. वन्सं, मी बर्फात उभीच राहिले. लग्न होऊन आल्यापासून सकाळ संध्याकाळ तुमच्या हातात बादल्या देताना ती चाल मी ऐकत आलेय, आणि इतकी वर्षं ती मला स्तोत्रच वाटत होती! मला वाटायचं, देवाचं नाव घेताना वन्संचा आवाज किती भिजतो.

तर ही अशी त्याची रात्रपाळी. काम प्रामाणिक आहे, पोरगा स्वतः पीत नाही (घसा जातो म्हणतो), जेवतो नीट, आणि त्याचे सोबती स्वच्छ आहेत. इतके स्वच्छ मी दुसरीकडे पाहिले नाहीत. रविवारची गाडी वेळेवर सुटल्याचं कळलं. आम्ही दोघंही तिच्यात नव्हतो. रागवायचं तर माझ्यावर रागवा, त्याच्यावर नको.

भावजींना नमस्कार, गाईंना माझी आठवण सांगावी.

तुमची धाकटी भावजय,
सिल्वी

ता. क. गुडघ्याला आणखी चालना हवी आहे, असं माझं मत पडलं. डॉक्टरांना विचारलेलं नाही. तरी ईस्टरपर्यंत माझी वाट पाहू नये. माझ्या कपाटाच्या तळाशी काळे, पट्ट्याचे बूट आहेत, ते पार्सलने पाठवावेत. बुधवारी इथे संध्याकाळभर बायकांनीच बोलवायचं असतं. ओन्नींचा ह्याच्याशी संबंध नाही.

ता. क. दुसरा. संबंध आहे. पण ते समोरासमोर बोलू.

ता. क. तिसरा. हे पत्र मी खरं तर ह्याच्याचसाठी लिहायला घेतलं, आणि आता पानाच्या कडेला लिहावं लागतंय. ती दिव्याखालची चाल यालमारीने ओन्नींना म्हणून दाखवली. त्यांनी घरातली सगळी गाण्यांची पुस्तकं पालथी घातली, शहरातल्या जुन्या वादकांना वाजवून दाखवली. कोणालाच माहीत नाही. ओन्नी म्हणतात, हे गाणं कुठेच नाही, ज्या बाईने गुणगुणलं तिचंच असणार. मी म्हटलं, छे, आमच्या वन्सं तसल्या नाहीत. आणि मग मी रात्रभर जागी होते.

येत्या बुधवारी बँड ते वाजवणार आहे. गाण्याआधी ते रचणाऱ्याचं नाव सांगायची इथे पद्धत आहे. यालमारी तुमचं नाव घ्यायच्या आधी माझ्याकडे बघेल. मी मान हलवू की नको, एवढंच उलट टपाली कळवा.