पडलेला झेंडा उचलताना

मुलींचं वसतिगृह, यवतमाळ
२१ जुलै २०२४

आदरणीय आबाजींना,
सविनय जयभीम वि. वि.

मी मजेत आहे. वसतिगृहात मोबाईल ठेवू देत नाहीत हे ऐकून सगळ्यात जास्त आनंद तुम्हाला झाला होता, म्हणून पहिलं पत्र आजोबांनाच. पिनकोड घातला आहे, तपासून पाहा.

बातमी अशी की मी शाळेच्या कलर गार्डमध्ये नाव दिलं. आमचे खेळाचे अमरसिंग सर पुण्याला महिनाभराच्या शिबिरात हे शिकून आले. बंद सभागृहात, लावलेल्या संगीतावर, दहा-बारा जणी मोठाले झेंडे फिरवतात, वर फेकतात, झेलतात आणि हे सगळं करता करता जागा बदलतात. डिसेंबरात नागपूरला नवशिक्या संघांची स्पर्धा आहे. सध्या आमच्याकडे झेंडे नाहीत. पाण्याच्या पाइपचे तुकडे आहेत, वजनासाठी दोन्ही टोकांत नटबोल्ट घालून वरून चिकटपट्टी गुंडाळलेली. रोज दीड तास पाइप आणि आकडे. एक ते आठ, पुन्हा एक ते आठ. सर म्हणतात, हात चुकला तर चालेल, आकडा चुकायला नको.

माझा पाइप दिवसातून अकरा-बारा वेळा पडतो. पडला की आम्ही सगळ्याच तो उचलून आधी कपाळाला लावतो, पुस्तकाला पाय लागल्यावर लावतो तसा. कोणी सांगितलेलं नाही, हात आपोआप जातो. सर वैतागतात. पडल्याचे गुण थोडे जातात, पण उचलून पुन्हा सुरू करायला उशीर झाला तर पुष्कळ जातात, कारण तोवर बाकीच्या पुढे निघून गेलेल्या असतात. परवा सरांच्या हातून पाइप पडला. त्यांनीही कपाळाला लावला आणि नंतर बराच वेळ आमच्याकडे पाहिलं नाही.

कबड्डीत मी हलकी पडते, गाण्यात मला मागच्या रांगेत ढकलतात. इथे दहा जणींत सातवी जागा माझी आहे, आणि ती कोणाच्या शिफारशीनं मिळालेली नाही. फॉर्मवर पालकांची सही लागते. पप्पा सुरतला, म्हणून रजिस्टरमध्ये तुमचं नाव आहे. फॉर्म सोबत जोडला आहे, तो ३१ ऑगस्टपर्यंत पोचला नाही तर माझी जागा दुसरीला जाईल.

आजीला जयभीम. माया आहेच, ती टपालानंही येऊ द्या.
तुमची,
दीपा


दारव्हा
२९ जुलै २०२४

चि. दीपास,
अ. उ. आ. आणि जयभीम.

पिनकोड बरोबर. तिकीट मात्र तिरकं. जिच्या आजोबाची छत्तीस वर्षं टपाल खात्यात गेली, तिच्या हातून असं पाकीट निघावं याचं मला आश्चर्य वाटलं, पण पत्र आल्याच्या आनंदात सोडून दिलं.

तुझा उद्योग मी आजीला वाचून दाखवला. पोरीनं पाइप फिरवता फिरवता कोनाचं डोस्कं फोडलं त कोन निस्तरंन, एवढंच तिचं म्हणणं. माझं तेवढंही नाही. व्यायाम होतो, आकडे पक्के होतात, संध्याकाळी वसतिगृहात रडत बसण्यापेक्षा बरं. तू रडत नाहीस असं कळवलं नाहीस, म्हणून रडत असशील असं धरून चाललो आहे.

एकच विचारायचं होतं. झेंडा कोणाचा आणि कोणत्या रंगाचा, ते तू लिहिलं नाहीस. ते कळलं की सही करतो. तोवर फॉर्म माझ्या खणात आहे.

इकडे सर्व ठीक. प्रेम आहे तसंच ठेव.
तुझा,
आबाजी


यवतमाळ
१८ ऑगस्ट २०२४

आदरणीय आबाजींना,
सविनय जयभीम वि. वि.

झेंडे आले. शाळेत संमेलनाच्या पडद्यांचं सॅटिन उरलं होतं, तेच रामलाल टेलरनी शिवून दिलं. त्यांनी याआधी झेंडे शिवलेले नाहीत, म्हणून साडीला करतात तशी कडेला पिको केली आहे. त्यावर काही चित्र नाही, चिन्ह नाही. रंग निळा आहे.

मला निळा मिळाला याचा आनंद झाला, हे तुम्हाला सांगायला हवं. तो वर गेला की छताखाली क्षणभर पसरतो आणि मग खाली येतो. तुम्ही विचारलंच आहे म्हणून पुढचंही लिहिते. तो पडतो. पाइपापेक्षा जास्त पडतो, कारण कापड हवा धरतं. आणि सरांनी नियम केला आहे की जी कपाळाला लावेल तिनं मैदानाला दोन फेऱ्या मारायच्या. काल मी सहा मारल्या.

हे लिहिलं नसतं तर तुम्हाला कळलं नसतं. पण तुम्ही विचारलं होतं. फॉर्म लवकर पाठवा.

आजीला सांगा, अजून कोणाचं डोकं फुटलेलं नाही. लोभ कमी होऊ देऊ नका.
तुमची,
दीपा


दारव्हा
२४ ऑगस्ट २०२४

चि. दीपास,
अ. उ. आ. आणि जयभीम.

सही केलेली नाही. कारण सांगतो.

चौदा एप्रिलला आपल्या विहारापासून बसस्टँडपर्यंत पुढचा झेंडा माझ्या हातात असतो, याला एकेचाळीस वर्षं झाली. एका वर्षी वावटळीत काठी मोडली, तर मी कापड छातीशी धरून चाललो. जमिनीला एकदाही लागू दिलं नाही. तुझ्या कापडावर अशोकचक्र नाही, ते पडद्याचं सॅटिन आहे, हे मला समजतं. आजीही तेच म्हणते, कापड हाय ते, त्याले काय समजते. तिचं बरोबर असेल. पण निळं कापड दिवसातून बारा वेळा जमिनीवर पडतं, आणि त्याला कपाळाला लावलं म्हणून माझ्या नातीला पळायला लावतात, हे वाचून सहीसाठी हात पुढे होत नाही.

तुझी जागा जावी असंही मला वाटत नाही. म्हणून एक अट. झेंडा पडला तर आधी कपाळाला, मग आकडा. सरावात आणि स्पर्धेतही. गुण गेले तर जाऊ दे. तसा शब्द दे, त्याच दिवशी फॉर्म पाठवतो.

राग येईल तुला. येऊ दे, पण लोभही असू दे.
आबाजी


यवतमाळ
२७ ऑगस्ट २०२४

आदरणीय आबाजींना,
सविनय जयभीम वि. वि.

शब्द देते. राग आला आहे हेही लिहून टाकते.

गुण माझ्या एकटीचे जात नाहीत, दहा जणींचे जातात. सरांना तुमचं पत्र दाखवलं.  ते वाचून म्हणाले की त्यांच्या तांड्यातले म्हातारे असेच आहेत, त्यांच्यापुढे कोणाचं चालत नाही, आणि तू पाडूच नकोस म्हणजे झालं. मला फेऱ्या माफ केल्या आहेत. ते बाकीच्यांना आवडलेलं नाही, माझ्याशी त्या कामापुरतंच बोलतात. आता मी त्यांच्या अर्धा तास आधी सरावाला जाते.

हे पत्र आजच टाकते आहे. फॉर्म ३१ला पोचेल असं बघा, तुमच्या खात्यात ओळखी आहेत.

आजीला जयभीम. माया असू द्या.
दीपा


यवतमाळ
१६ डिसेंबर २०२४

आदरणीय आबाजींना,
सविनय जयभीम वि. वि.

स्पर्धा काल झाली. नऊ संघांत आमचा सहावा नंबर आला. पहिल्याच वर्षी सहावा म्हणजे चांगला, असं सर म्हणाले.

साडेचार मिनिटांचा कार्यक्रम होता. तिसऱ्या मिनिटाला मोठी फेक असते, दहा जणींची एकदम. माझा झेंडा वर गेला, फिरला आणि माझ्या हाताला लागून खाली पडला. सभागृहात काठी पडल्याचा आवाज फार मोठा येतो. मी वाकले, उचलला आणि पाचव्या आकड्याला रांगेत मिळाले. कपाळाला लावला नाही.

मी विसरले असं लिहिता आलं असतं. मी विसरले नव्हते. वाकताना तुम्ही मला आठवलात. आठवी जागा मोनालीची आहे, ती माझ्याकडेच धावत येत होती. मी तिथेच थांबले असते तर तिची काठी माझ्या तोंडावर बसली असती, आणि तिची पुढची फेकही बिघडली असती. म्हणून शब्द मोडला.

कार्यक्रम संपल्यावर मोनालीनं पाणी आणून दिलं. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. मला तेव्हा रडू आलं.

पुढच्या वर्षी सर मला पहिली जागा देणार आहेत, म्हणजे आकडे मी मोजायचे आणि बाकीच्यांनी माझ्यामागे चालायचं. त्याचा फॉर्म सोबत आहे. शब्द मोडणाऱ्या मुलीसाठी सही करायची नसेल तर तसं कळवा, मी नाव काढून घेईन. पण काढावंसं मला अजिबात वाटत नाही.

आजीला जयभीम. लोभ उरला असेल तर कळवा.
दीपा


दारव्हा
२३ डिसेंबर २०२४

चि. दीपास,
अ. उ. आ. आणि जयभीम.

पत्र मिळालं आणि चार दिवस मी चिडून होतो. कोणाशी धड बोललो नाही. आजीनं दोनदा भाकरी वाढली आणि दोन्ही वेळा ती का वाढली म्हणून मी तिच्यावर चिडलो, त्यावरून अंदाज घे.

पाचव्या दिवशी सकाळी वाळवणाची काठी घेतली, तिला माझा निळा दुपट्टा बांधला आणि गच्चीवर गेलो. एवढं काय अवघड आहे ते एकदा बघू म्हटलं. काठी एकोणीस वेळा पडली. एकदाही झेलता आली नाही. शेवटी खांदा भरून आला तेव्हा खाली उतरलो आणि आजीला जरा तोऱ्यातच सांगितलं की एकोणीस वेळा पडली, पण एकोणीसही वेळा मी ती आधी कपाळाला लावली.

आजी जिन्यात डाळ निवडत बसली होती, आणि सगळं बघत होती. ती म्हणाली, चारदाच लावली. बाकी टायमाले तुमी झेलाच्या नादात होते.

मी तिच्याशी वाद घातला नाही, कारण आठवून पाहिलं तर मलाही चारच आठवल्या. आणि उरलेल्या पंधरा वेळांत मी त्या कापडाचा मान ठेवला नाही, असं माझ्या मनाला कुठेही वाटलं नाही. पुन्हा पडू नये एवढंच डोक्यात होतं. तुझ्या डोक्यात तर ती मोनालीही होती.

शब्द मोडलास याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तो मी मागायला नको होता, त्याचं मला वाटतं. चार महिने तू त्या मुलींत एकटी पडलीस ती माझ्यामुळे. फॉर्मवर सही केली आहे. अट काही नाही.

आजीनं काठी परत मागितली आहे, मी दिलेली नाही. फेकल्यावर डोळे काठीवर ठेवायचे की कापडावर, ते सविस्तर लिही.

लोभ होता तेवढाच आहे, मोजून पाहिला.
तुझा,
आबाजी