कुटुंबप्रमुख : स्वतः

१२ जानेवारी, सोमवार
कालच्या नोंदीत चूक आहे. मी लिहिलं की पद्माकाकूंनी बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, सभासद नोंदणीत स्वतःचं नाव दोनदा भरलं. तसं नाही. त्यांनी एकदाच भरलं. दुसऱ्यांदा ते त्यांच्या दिरांनी, बाहुबलीकाकांनी, कागलच्या आपल्या कुटुंबात घातलं. आज दोन्ही नोंदींचे मोबाईल नंबर पाहिले तेव्हा कळलं.
कालचं खोडत नाही. वडिलांनी, आण्णांनी, मला घरी अक्षरं शिकवली ती वहीत, पेननं. पाटी दिलीच नाही. चुकलं तर खाली बरोबर लिहायचं.
पण समितीच्या कालच्या बैठकीतही मी ‘दोनदा भरलंय’ असंच सांगून बसले. तिथं खाली कसं लिहू?

१३ जाने., मंगळ
एमआयडीसीतल्या नोकरीवरून आल्यावर जेवणापर्यंत हेच, समितीनं दिलेलं नोंदणीचं काम. जुन्या यादीत घराला एकच ओळ : पुरुषाचं नाव, पुढं ‘व परिवार’. आता प्रत्येक माणसाची वेगळी नोंद, आणि ती घराला जोडायची. लिंक पाठवली, आपापलं भरा म्हणून. बऱ्याच घरांनी सगळ्यांसाठी मुलाचाच नंबर टाकला. सॉफ्टवेअरला आजी, सून, नातू सगळे एकच माणूस वाटतात.
एका घरी फोन केला तर, ‘आमच्यात एकच फोन चार्ज असतोय, पावणं!’ मी बाई बोलतेय म्हटल्यावर, ‘मग पावणीबाई.’ मागं सगळं घर हसलं.
प.काकूंचा नंबर मात्र स्वतःचा. पत्ता राजारामपुरीचा. कुटुंबप्रमुख : स्वतः. सदस्य : एक.

१५ जाने., गुरु
आप्पा आले. आण्णांचे थोरले भाऊ, आणि समितीचे सचिव. त्यामुळे घरात बोलतात की बैठकीत, कळत नाही.
‘दोन्ही एकत्र कर की. त्यात काय हाय?’
काकू वेगळ्या राहतात, म्हटलं.
‘नवरा गेला म्हणून घर सुटतंय व्हय? बाहुबली सारखा फोन करतोय. आमच्यातनं फुटली असं दिसंल म्हणतोय.’
एकत्र केलं की मोठ्या कुटुंबाची नोंद राहते, काकूंची तिच्या पोटात जाते. बस्तीचे निरोप काकांच्या फोनवर. आणि पूजेचा दिवस जातो. वर्षातून एक दिवस प्रत्येक घराचा. त्या सकाळी बस्तीचे पुजारी, उपाध्ये, कुटुंबप्रमुखाचं नाव मोठ्यानं घेतात. रविवार, २५ च्या बैठकीनंतर यादी छापायला जाणार. छापली की दिवस वाटले गेले. पुढची यादी कधी, देव जाणे.
‘बघते’ मी म्हणाले. ना हो, ना नाही. माझं नेहमीचं.

१७ जाने., शनि
काकूंच्या दुकानात. फॉल-पिको. साडीचा काठ मशिनखाली सरकत होता, मान वर न करताच बोलत होत्या. विचारलं, प्रमुख मुद्दाम लिहिलंत का?
‘चुकून लिहायला मी काय पहिलीत हाय? कुलूप मी लावते, मीच काढते. मग प्रमुख कोण, कुलूप?’
मला हसू आलं. त्यांनाही. मग मशिन थांबवलं.
‘भावजींशी भांडण न्हाय गं माझं. दिवाळीला जाते की. पण इतकी वर्षं त्यांच्या पूजेला मागं उभी राहिले. एक दिवस माझ्या नावानं होऊ दे.’
निघताना आईची साडी घडी करून दिली. ‘तुला त्रास होत असंल तर राहू दे हं.’
हे त्या म्हणाल्या नसत्या तर बरं झालं असतं. घरापर्यंत तेच डोक्यात.

२० जाने., मंगळ
स्क्रीनवर बटण आहे : ‘स्वतंत्र कुटुंब – मंजूर’. माझ्या लॉगिनला अधिकार आहे. दाबलं तर छापून येईपर्यंत कुणाला कळणारही नाही. बोट नेलं, मागं घेतलं. मग काकूंचं नाव चोरून आत आल्यासारखं होईल. आणि बैठकीत मी सांगितलेलं चुकीचं तसंच राहील.
नोंदणीच्या पहिल्या पानावरचं वाक्य पुन्हा वाचलं : ‘ज्याची माहिती, दुरुस्ती त्यालाच विचारून.’ आप्पांनीच घालायला लावलेलं. कुणीतरी त्यांचं वय वाढवून लिहिलं होतं, तेव्हा केवढा आरडाओरडा! याची त्यांना आठवण करून द्यायची म्हणजे... पण दुसरं काय आहे माझ्याकडे?

२२ जाने., गुरु
आण्णांना सगळं सांगितलं. पेपर खाली न ठेवता म्हणाले, ‘आप्पा चिडणार.’ मला वाटलं, संपलं. मग पान उलटलं आणि, ‘लिहून नेऊ नकोस. तोंडानं सांग.’ सल्ला की परवानगी, विचारलं नाही.
आप्पांना फोन. बैठकीत थोडा वेळ हवाय. ‘कशाला?’ एक दुरुस्ती सांगायची आहे. ‘कुणाची?’ माझी, मी म्हणाले. ‘बरं. बाहुबली पण येतोय.’
मग काकूंना. याल का? ‘दुकान बंद ठेवते की. पण मी बोलणार न्हाय हं. तू बोल.’
बाहुबलीकाका वाईट नाहीत, हे माहीत आहे. त्यानं आणखी अवघड होतं. आप्पा नाही म्हणाले तर पुढं काय, ते अजून...
रविवार, २५ जानेवारी. अभिषेक झाल्यावर, बस्तीच्या मागच्या खोलीत, सगळ्यांसमोर. आधी तोंडानं. बटण नंतर.